बिसेनजींची सलाईनवाली गाडी

डुलीचंद बिसेनांच्या मोटरसायकलला सलाईन लावलेलं असायचं.

हे मी गमतीने म्हणत नाही. मागच्या कॅरिअरला एक लोखंडी सळई वेल्ड केलेली, तिच्या हुकाला सलाईनची प्लास्टिकची बाटली उलटी टांगलेली, बाटलीत औषधाऐवजी काळपट तेल. तिथून निघालेली पारदर्शक नळी तारेने बांधत बांधत मागच्या चाकापर्यंत नेलेली आणि चेनीच्या दात्यांवर सोडलेली. थेंब कमीजास्त करायची दवाखान्यातली ती छोटी चक्रीसुद्धा नळीला होती. गाडी निघाली की मिनिटाला एक थेंब चेनीवर पडायचा. गोंदियाजवळच्या आमच्या मुर्रीच्या रस्त्याने बिसेनजी चालले की एखादी नवी सून हमखास दारातून विचारायची, "काऊन जी, कोन बिमार आहे?" बिसेनजी गाडी न थांबवता सांगायचे, "कोनी नाही बाई. बिमार पडू नये म्हनून लावून राहिलो."

आता बिसेनजी नाहीत, म्हणून हे लिहितो आहे. असते तर त्यांनी यातली तेलाची माहिती तेवढी तपासून घेतली असती आणि बाकीचं वाचलंच नसतं.

मी मेश्राम, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. बिसेनजी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक. मुर्रीत आम्ही शेजारी शेजारी प्लॉट घेऊन घरं बांधली, मधली भिंत दोघांत एक. ते जातीने पोवार, शेतीवाडीचे; आम्ही बौद्ध. त्यांची बायको फार लवकर गेली. मुलगी ममता तेव्हा नववीत होती. तेव्हापासून ते संध्याकाळचा चहा माझ्या ओट्यावर प्यायचे. वीसेक वर्षांत ह्यात खाडा पडला असेल तो, एक पंधरवडा सोडला तर, बोटावर मोजण्याइतका.

त्यांची नोकरी चोरखमाऱ्याच्या तलावाच्या कालव्यावर. धानाला पाणी सोडलं की कालव्याच्या तोंडाशी ज्याचं शेत त्याची चंगळ, आणि अगदी शेवटच्या टोकाला, ज्याला खात्यात 'टेल' म्हणतात, तिथल्या माणसाची बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, कोरडी. वरचे शेतकरी मोठे, बहुतेक बिसेनजींच्याच जातीचे. टेलला आमच्या लोकांचे तुकडे, एकेक एकराचे. बिसेनजी सकाळी पाणी सोडायचे आणि मग दिवसभर गाडीवरून त्या पाण्याच्या मागे फिरायचे. वरच्यांनी कुठे पाट फोडला असेल तर स्वतः फावडं घेऊन बुजवायचे, त्यासाठी भावकीच्या शिव्या खायचे, आणि शेवटच्या बांधीत पाणी शिरलेलं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घरी यायचे नाहीत. मी त्यांना मानायचो ते ह्यामुळे. त्यांच्या तोंडात एकच वाक्य असायचं, "टेलले पोचलं का?" लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी फिरू लागली की हा माणूस आपल्या पानावरून उठून ओरडायचा, "अरे, टेलले पोचलं का?" आणि शेवटच्या ओळीतून कोणी "पोचलं" म्हटल्याशिवाय घास घ्यायचा नाही.

कालव्याच्या पाळीवरचा रस्ता म्हणजे आठ महिने धूळ आणि चार महिने चिखल. मोटरसायकलची चेन वर्षभरात झिजून जायची. चेनीवरचं कव्हर त्यांनी आधीच काढून फेकलं होतं, कारण आत चिखल साचून वीट तयार व्हायची. मग रोज संध्याकाळी ब्रश आणि तेलाचा डबा घेऊन चेनीपुढे मांडी ठोकून बसणं आलं. "गुरुजी, चेन म्हंजे कालवा हाय," असं ते मला सांगायचे. "तेल एका जागी ओतून फायदा नाही. कडीकडीले पोचलं पायजे."

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्यानंतर दोनतीन वर्षांनी कधीतरी नागझिऱ्याच्या जंगलात चाललेला एक शहरी पोरगा त्यांना चहाच्या टपरीवर भेटला. त्याच्या मोठ्या गाडीला चेनीला आपोआप तेल घालणारं यंत्र होतं. बिसेनजींनी त्या पोराला दीड तास सोडलं नाही. घरी आले ते तापलेल्या माणसासारखे. मग महिनाभर माझ्या ओट्यावर यंत्र निवडण्याचं काम चाललं. एक जात अशी की इंजिनच्या ओढीवर चालते, इंजिन बंद की तेल बंद. ती परदेशातून मागवावी लागते, म्हणून बाद. दुसरी बॅटरीवर चालणारी. "बॅटरीचा भरवसा नाही जी," म्हणून तीही बाद. तिसरी साधी, वर टाकी, खाली नळी, मधे तोटी. हे ऐकताच कालवा निरीक्षकाचा चेहरा उजळला. वरून खाली सोडायचं आणि मधे अडवायचं, हेच तर त्यांनी जन्मभर केलं होतं.

पण तोटी जुळेना. नळाची तोटी बसवली तर तेलाची धार लागायची, बंद केली तर ठणठणाट. तेव्हा ममता नर्सिंगच्या कोर्सला होती. तिने एका संध्याकाळी बापाचे हाल पाहिले आणि म्हणाली, "पप्पा, सलाईनचा सेट लावा ना. थेंब मोजून सोडता येते." बिसेनजी तसेच उठून गोंदियाच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदार म्हणाला, "मरीज कौन है?" बिसेनजी म्हणाले, "मोटरसाइकिल." दुकानदाराने सेट दिला, पण पुढे हे दुकानात गेले की तो आधी आत जाऊन कोणाला तरी बोलावून आणायचा.

त्या रविवारी अंगणात बाप आणि लेक घड्याळ घेऊन बसलेली मला अजून आठवतात. ममता चक्री फिरवायची, डोळे बारीक करून थेंब मोजायची, आणि बिसेनजी पेन घेऊन भिंतीवर लिहायचे. दोघं आपसात पोवारी बोलीत बोलत होती. मला त्यातलं निम्मं कळत होतं, पण दोघं खूश होती एवढं पुरेसं कळत होतं.

आता तेल कोणतं? बिसेनजींनी पहिलं आणलं टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, गावच्या घाण्यावरून. विकतचं तेल कशाला, आपल्या रानात तेल पिकतं, असा अभिमान. उन्हाळाभर झकास चाललं. डिसेंबरात पहाटे थंडी पडली आणि बाटलीतलं तेल तुपासारखं थिजलं. नळीत पांढरी गाठ, चेन कोरडी. हा माणूस कालव्यावर शेकोटी पेटवून गाडीचा मागचा भाग शेकत बसला. पाहणाऱ्यांनी कपाळावर हात मारला. मग जवसाचं आणलं. ते थिजत नाही खरं, पण वाळतं. आठ दिवसांत चेनीवर अशी चिकट साल धरली की ती सोलायला माझ्या घरचं उलथनं नेलं. ते परत आलं तेव्हा माझ्या बायकोने ते घरात घेतलं नाही. मग शिलाई मशीनचं तेल. ते इतकं पातळ की थेंब चेनीवर पडायच्या आत उडायचा आणि मागे बसलेल्याच्या पाठीवर खालून वर रेघ काढायचा. मागे बसलेला मी होतो. शाळेच्या निकालाचा दिवस होता आणि शर्ट पांढरा होता.

शेवटी एका ट्रक ड्रायव्हरने नव्वद नंबरचं गिअरचं तेल सांगितलं, आणि गाडीला तेच मानवलं. ह्या सगळ्या प्रकाराला बिसेनजी 'ऑटोमॅटिक' म्हणायचे. चोरखमाऱ्याला पोचेपर्यंत तीन वेळा उतरून थेंब मोजावे लागायचे. गाडी उभी करण्याआधी चक्री बंद करायची, नाहीतर खाली तळं. ज्याच्या दारी थांबले त्याचं अंगण खराब होऊ नये म्हणून त्यांनी ह्यात कधी चूक केली नाही. "आटोमॅटिक हाय तर उतरून काऊन पाहता?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "कालवाबी आटोमॅटिकच वाहते जी. मी कायले जातो मग?"

इथपर्यंत गोष्ट हसायची आहे. पुढची तशी नाही.

ममताला सडक अर्जुनीच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. तिथेच रक्त तपासणारा प्रशांत नावाचा मुलगा होता. दोघांनी लग्न केलं. प्रशांत आमच्यातला, बौद्ध. तिने बापाला आधी सांगितलं, विनवलं, आणि बिसेनजी 'नाही' म्हणाल्यावर रजिस्टर लग्न केलं. त्या दिवसापासून बिसेनजींनी तिचं नाव घेणं सोडलं. माझ्या ओट्यावर, माझ्या कपातून चहा पिता पिता ते मला म्हणाले, "मले काही नाही जी गुरुजी. पर भाऊबंदाले काय सांगू?"

मी काही बोललो नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. माझ्या घरचा चहा त्यांना चालत होता, माझ्या जातीचा जावई चालत नव्हता, आणि हे त्यांनी माझ्यासमोरच, माझ्याच कपावरून म्हटलं. मला ते आत लागलं. तरी मी "आणखी घेता का" एवढंच विचारलं. वर्षं अशीच गेली, पाच.

ह्या पाच वर्षांत बिसेनजींनी एक नवं खूळ काढलं. दर रविवारी ते तेल आणायला सडक अर्जुनीला जायचे. गोंदियाच्या बाजारात नव्वद नंबरच्या तेलाचे डबे रचून ठेवलेले असताना हा माणूस अर्धा दिवस मोडून तिथे जाणार. मी म्हटलं, "तेच तेल इथं मिळते ना?" तर म्हणाले, "तिथं हायवे हाय जी. टरकवाले घेतेत. तिथलं ताजं रायते." गिअरचं तेल काय भाजी आहे ताजं असायला! पण लेक तिथे राहते हे अख्ख्या मुर्रीला ठाऊक होतं, म्हणून कोणी पुढे विचारलं नाही. आम्हाला वाटायचं, जात असेल भेटायला चोरून. बरंच आहे.

एकदा शाळेच्या कामासाठी मला सडक अर्जुनीला जावं लागलं. म्हटलं, ममताला भेटून येऊ. हायवेलगतच्या एका पंक्चरवाल्याला पत्ता विचारला. त्याने समोरचं निळ्या दाराचं घर दाखवलं, आणि मी मुर्रीचा म्हटल्यावर तो एकदम भडकला. "वो सलाईनवाले बाबूजी आपके ही गाँव के हैं ना? बोलिए उनको. हर इतवार यहीं खड़े रहते हैं, घंटा घंटा, और मेरी दुकान के सामने तेल टपकता रहता है." त्याने बोट दाखवलं. जमिनीवर ताटाएवढा काळा डाग होता, नवा जुन्यावर पडत पडत घट्ट झालेला. शेजाऱ्यांच्या अंगणात एक थेंब न सांडणारा माणूस तिथे उभा राहिला की चक्री बंद करायला विसरत होता.

ममताने मला चहा दिला. मी विचारलं, "पप्पा येतात का?"

"दर इतवारी येतेत काका," ती म्हणाली. "समोर उभे रायतेत. इकडं येत नाहीत."

"मग तू काऊन नाही जात?"

"गेली होती एकडाव. मले पाहून गाडी चालू केली आन् गेले. दोन महिने आलेच नाहीत. तवापासून मी पडद्याआडून पाहते. मी बाहेर गेली तर तेवढंबी बंद होईल."

मी चहा कसाबसा संपवला.

संध्याकाळी बिसेनजी नेहमीप्रमाणे ओट्यावर आले. मी चहा मागवला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं. म्हटलं, "डुलीचंद, दुसऱ्याच्या बांधीत पाणी पोचवनारा मानूस तू. पोरीच्या दारापुढं घंटाभर उभा रायतो आन् रस्ता ओलांडत नाही? माह्या घरचा च्या चालला तुले येवढी वरसं, माह्या जातीचा पोरगा काऊन नाही चालला?"

ते उठले आणि निघून गेले. पंधरा दिवस आले नाहीत. भिंतीपलीकडून त्यांच्या स्टोव्हचा आवाज यायचा. एकट्यापुरता चहा करायला किती कमी वेळ लागतो ते मला त्या पंधरा दिवसांत कळलं.

सोळाव्या दिवशी आले ते हातात पिशवी घेऊन. पिशवीत कोरा सलाईनचा सेट, तार, हुक, आणि तेलाने भरलेली बाटली. म्हणाले, "त्या मानसाच्या गाडीची चेन ऐकली जी. कोरडी ठक्क. करकर करते." 'त्या माणसाच्या' म्हणजे जावयाच्या. "ममता मांगं बसते त्या गाडीवर. चेन तुटली तर? तुमी हे नेऊन द्या. माह्यं नाव नोका सांगू."

"मी नाही देणार," मी म्हटलं. "तुमचं तुमी द्या."

ते पिशवी घेऊन परत गेले. मला वाटलं, ती आता माळ्यावर पडणार.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. रविवारी ते नेहमीच्या जागी उभे होते. प्रशांत बाहेर आला, गाडी काढू लागला. ह्यांनी रस्त्याच्या अलीकडून हाक मारली, "ओ भाऊ, गाडी इकडं आना." त्या पोराने गाडी ढकलत रस्ता ओलांडला. बिसेनजी जमिनीवर बसले. सळई बांधली, नळी लावली, चक्री फिरवून थेंब मोजले. तासभर गेला. पोरगा शेजारी उकिडवा बसून पक्कड देत होता. एवढ्या वेळात दोघांत बोलणं झालं ते इतकंच: "तेल कोन्तं?" "नव्वद." "किती थेंब?" "मिंटाले एक."

मग निळं दार उघडलं आणि ममता स्टीलच्या ग्लासात चहा घेऊन आली. बापाच्या हातात दिला. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. ट्रक जात होते.

"मग?" मी विचारलं.

"हातात धरून होतो जी. थंडा झाला. वापस दिला."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "म्हंजे अजूनबी इटाळच! पोरीच्या हातचा च्या नाही चालला तुमाले?"

"नाही जी, तसं नाही," बिसेनजी म्हणाले आणि एकदम रडू लागले. साठीकडे झुकलेला माणूस, तेलाने काळे झालेले हात, ते हात तोंडावरून फिरवत होता आणि गालावर काळ्या रेघा उठत होत्या. "प्यालो असतो तर मले परत याले जमलं नसतं गुरुजी. गाडी बाजूले उभी होती. किक मारली, आलो. दरखेपी असंच होते. गाडी हाय म्हनून वापस येनं होऊन राहिलं."

खरं किती आणि सबब किती, मला तेव्हाही ठरवता आलं नाही. माणूस पाच वर्षं जातीच्या नावाने अडून बसतो, आणि नंतर अडतो त्याला मात्र दुसरंच कारण असतं, हे मला पटत नव्हतं. पण त्यांचं रडणं खोटं नव्हतं. बायकोने आतून चहा पाठवला. तो त्यांनी घेतला. तो संपल्यावर हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या इतवारी तुमी चलता का? मले तिथं सोडून द्या. आन् गाडी घेऊन तुमी या."

पुढच्या रविवारी मी मागे बसलो. वाटेत ते थेंब मोजायला एकदाही थांबले नाहीत. पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी उतरले, किल्ली तशीच ठेवली आणि हँडल माझ्या हातात दिलं. अंगात धुतलेला शर्ट होता, हातात फुटाण्यांची पुडी. ममताला फुटाणे आवडायचे, ती नववीत होती तेव्हा. "जा जी लवकर," ते म्हणाले. "उभे नोका राहू."

मी गाडी वळवली. थोडं पुढे जाऊन आरशात पाहिलं. ते अजून रस्त्याच्या अलीकडेच होते, माझ्याकडे तोंड करून. मी वेग कमी केला नाही. केला असता तर ते धावत येऊन मागे बसले असते, ह्याची मला खात्री होती.

त्या घरात बसायला त्यांना पुढे जेमतेम वर्ष मिळालं. एका सकाळी छातीत कळ आली आणि तिथेच, लेकीच्या घरी गेले. लोक म्हणतात, शेवटी जुळलं, बरं झालं. मला बरं वाटत नाही. पाच वर्षं रस्त्यावर उभं राहणं आणि एक वर्ष घरात बसणं, हा हिशेब कोणी बरोबर म्हणावा?

त्यांना तिथे सोडलं त्या रविवारी मी एकटाच मुर्रीला आलो. सोमवारी शाळेला निघालो तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप होतं. मंगळवारीही होतं. संध्याकाळी ओट्यावर एकटाच चहा घेत बसलो होतो. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही थोडा, पण त्याहून जास्त राग आला, आणि तो बिसेनजींचा नव्हता. त्या पहिल्या संध्याकाळी, "भाऊबंदाले काय सांगू" असं ते म्हणाले तेव्हा, मी कप खाली ठेवून भांडायला हवं होतं. मी विचारलं होतं, आणखी घेता का.